त्रेसष्टावं भोक

आमच्या होडीला त्रेसष्ट भोकं होती. हा अंदाज नव्हे. ताईच्या लाल टिकल्यांची तीन पाकिटं संपवून, प्रत्येक भोकाशेजारी एक टिकली चिकटवून, दोन माणसांनी दोनदा मोजलेला हा आकडा आहे. टिकल्या लावून झाल्यावर माडाखाली उभी असलेली ती अठरा फुटी होडी गोवर आल्यासारखी दिसायला लागली. शेजारच्या म्हातारीने तर कुंपणावरून विचारलंसुद्धा, की पूजा कधी आहे?

होडी माझी आणि भाऊजींची, अर्धी-अर्धी. मी बँकेतून निवृत्त, भाऊजी पाटबंधाऱ्यातून. उभी हयात पाणी अडवण्यात गेल्यामुळे आपल्याला पाण्यातलं कळतं, असा भाऊजींचा समज. उभी हयात कर्जं बुडताना बघण्यात गेल्यामुळे आपल्याला बुडण्यातलं कळतं, असा माझा. ताईचं सासर देवबागला, कर्लीच्या खाडीकाठी. तिथे एक जुनी फायबरची होडी विकायला निघाली आहे हे कळताच दोन्ही जाणकार एकत्र आले आणि व्यवहार झाला. विकणारा प्रामाणिक माणूस होता. "स्क्रूची दोन-चार भोकं आहेत," असं त्याने आधीच सांगितलं होतं. मराठीत 'दोन-चार' म्हणजे किती, याची वरची मर्यादा कुणीच ठरवलेली नाही, हा त्याचा दोष नव्हे.

एवढी भोकं होडीला पडतात कशी, हा प्रश्न ज्याला पडेल त्याने स्वतःच्या घराच्या भिंती बघाव्यात. आपण माणसं मुळात खिळेठोकी. घर घेतलं की पहिला खिळा गणपतीचा, दुसरा घड्याळाचा, तिसरा कालनिर्णयचा. (कालनिर्णय १९७३ साली काढणारे जयंतराव साळगांवकर मूळचे मालवणचेच, तेव्हा या तिसऱ्या खिळ्याचं पाप थोडंसं आमच्या तालुक्याकडेही येतं.) भिंत सोसते, कारण भिंतीला तरंगायचं नसतं. पण होडी हातात आली तरी सवय कुठे जाणार? आमच्या होडीच्या नाळेखालच्या कप्प्यात एका ओळीत चार भोकं होती. त्यांचा उलगडा दोन दिवस होईना. शेवटी ताई म्हणाली, "कॅलेंडरचा हुक असेल. दर वर्षी नवा." आणि ते बरोबरच असणार. होडीत कॅलेंडर चैनीसाठी नसतं. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ ढोबळमानाने कळते, म्हणजे पंचमीला पावणेचार. ही त्रैराशिकं इथे पोरंसोरंही तोंडी करतात. फक्त तिथी बघायला कॅलेंडर लागतं, कॅलेंडरला हुक लागतो, हुकाला स्क्रू लागतो, आणि स्क्रू गेला की भोक उरतं.

बाकीच्या भोकांवरून आम्ही होडीचा सगळा इतिहास लावला. सर्वांत जुनी भोकं मासेमारीच्या काळातली, जाळं ओढायच्या कप्पीची, मोठी, रागाने पाडलेली. त्यावरचा थर डॉल्फिन-दर्शन काळातला: बाकांची, छताच्या दांड्यांची आणि दोन स्पीकरांची. डॉल्फिनना गाणी ऐकवत असावेत. एका पाटीची चार भोकं होती आणि पाटीची सावली अजून दिसत होती. 'लाईफ जॅकेट घालणे सक्तीचे आहे' एवढी अक्षरं उन्हात न करपलेल्या रंगात उमटलेली. जॅकेटं टांगायच्या हुकाचं भोक मात्र सबंध होडीत एकही सापडलं नाही. शेवटच्या मालकाला विजेचा सोस असावा. त्याने चार्जिंगचा सॉकेट, मासे शोधायचं यंत्र, तीन दिवे आणि एक पंखा लावला होता. उघड्या होडीत, खाडीच्या वाऱ्यात, पंखा!

आणि मागे, अगदी बुडाला, सगळ्यांत मोठं भोक. इंचभर रुंद. त्यात कुणीतरी लाकडाची खुंटी ठोकून वरून निळा रंग फासलेला. भोवती तिकोनात तीन लहान भोकं. "हे कुणाचं काम?" भाऊजी म्हणाले. "बघ, कसा बेजबाबदार माणूस! बुडाला भोक पाडतो आणि लाकूड ठोकून मोकळा होतो." त्या भोकाला आम्ही त्रेसष्टावा क्रमांक दिला आणि टिकली जरा मोठी लावली.

मग मिस्त्री आला. गावातल्या अर्ध्या होड्या त्याच्या हातच्या. त्याचे वडील लाकडाच्या होड्या करायचे, हा फायबरच्या करतो, पण पिशवीत बॅटरीच्या ड्रिलशेजारी वडिलांचं गिरमिट अजून असतं. तो होडीभोवती एक फेरी मारून आला आणि म्हणाला, "बासष्ट."

"त्रेसष्ट," भाऊजी म्हणाले.

"बासष्ट, काकानू," तो म्हणाला आणि तंबाखू मळायला लागला. मोजण्यात माणूस चुकतो. आम्ही वाद घातला नाही.

मग त्याने खिशातलं दहाचं नाणं काढलं आणि होडीच्या तळफळीवर टकटक करत सरकत गेला. टण्, टण्, टण्, आणि एका स्क्रूपाशी येऊन: बद्द. कोकणात जन्मलेल्याला हा आवाज समजावून सांगावा लागत नाही. टिचकी मारल्यावर फणस बद्द वाजला तर पिकला. होडी बद्द वाजली तर कुजली. आमची होडी नऊ ठिकाणी फणस निघाली.

"पण फायबर कुजत नाही ना?" मी विचारलं. हेच ऐकून तर होडी घेतली होती.

फायबर कुजत नाही हे खरंच आहे. कुजतं ते पोटातलं लाकूड. तळफळी आणि इंजिन टांगायची मागची फळी नुसत्या फायबरची केली तर लवते, म्हणून फायबरच्या दोन पापुद्र्यांमध्ये प्लायवूड घालतात. खालचा पापुद्रा, वरचा पापुद्रा आणि मध्ये सारण, करंजीच म्हणा. करंजीची कड नीट मुडपलेली असेल तोवर तेल आत जात नाही. आणि स्क्रू म्हणजे करंजीला टोचलेला काटा. त्याच्या आट्यांवरून खारं पाणी गिरकी घेत घेत आत उतरतं आणि आतून परत यायला त्याला वाट नसते, कारण दोन्ही बाजूंनी फायबर. जे फायबर पाण्याला आत येऊ देत नाही तेच आत आलेल्या पाण्याला बाहेर जाऊ देत नाही. होडी बाहेरून चकचकीत राहते आणि आत शेणखत होतं.

स्क्रूंचंही तसंच. मिस्त्रीने एक काढून दाखवला. स्टेनलेसचा, डोकं आरशासारखं लखलखीत. पण कमरेत सुतळीएवढा बारीक झालेला. या स्टेनलेसचा न गंजण्याचा गुण हवेवर चालतो; ओल्या भोकात, जिथे हवा नाही, तिथे तो गुपचूप खंगतो. आमच्या शाळेच्या पुस्तकात स्क्रूला मळसूत्र म्हणत. 'ग'ची बाधा झाली आणि डोक्यावर अनुस्वार चढला की त्याचंच मंगळसूत्र होतं, असं आमचे शास्त्राचे मास्तर सांगायचे आणि एकटेच हसायचे. वरून लखलखीत आणि आतून खंगलेलं मळसूत्र हातात घेतल्यावर मला त्या विनोदाचा उत्तरार्ध कळला.

लाकडाची होडी असती तर एवढं रामायण झालं नसतं. लाकूड पाण्यात फुगतं आणि बारीकसारीक भोकं स्वतःच आवळून घेतं. कोकणात आणि गोव्यात तर पूर्वी खिळाच नसलेल्या होड्या होत्या. फळ्यांच्या काठाने ओळीने भोकं पाडायची आणि काथ्याने फळ्या शिवायच्या. म्हणजे एकेका होडीला शेकडो भोकं, मुद्दाम पाडलेली, आणि तरी होडी कोरडी! गोव्यात बांधलेलं आणि २०२५ च्या मे महिन्यात कारवारला नौदलात दाखल झालेलं 'कौंडिण्य' हे जहाज याच रीतीने शिवलेलं आहे. हे मी भाऊजींना सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "मग आपणही शिवूया का?" आणि त्यांचा चेहरा गंभीर होता म्हणून मी विषय बदलला.

फायबर हे असं फुगून माफ करणारं द्रव्य नव्हे. त्याचा जन्मच मुळी एका चुकीतून झालेला. अमेरिकेत ओहायो राज्यात १९३२ साली डेल क्लाईस्ट नावाचा तरुण काचेचे ठोकळे जोडायच्या खटपटीत होता. वितळलेल्या काचेवर हवेचा झोत पडला आणि काचेचे ठोकळे राहिले बाजूला, म्हातारीच्या केसांसारखे तंतू उडाले. दहा वर्षांनी, १९४२ साली, त्याच राज्यातल्या टोलीडो गावी रे ग्रीन याने ते तंतू आणि पॉलिस्टर रेझिन मिळून छोटी होडी केली; फायबरच्या पहिल्या होड्यांत ती धरतात. तिला पहिलं भोक कुणी पाडलं याची नोंद नाही, पण होडी झाली त्याच आठवड्यात पाडलं असणार याबद्दल मला शंका नाही.

दुरुस्तीची पहिली फेरी भाऊजींच्या पद्धतीने झाली. ही पद्धत सगळ्या महाराष्ट्राला ठाऊक आहे: भोकात आगपेटीची काडी कोंबायची, वरून बाजारातली दोन रंगांची लुगदी मळून थापायची, अंगठा फिरवायचा. दुसऱ्या दिवशी भाऊजींनी त्यातच स्क्रू पिळला. आधी काडी बोलली, मग लुगदीचा खडा टपकन उडाला, आणि भोक होतं त्याहून रुंद झालं. पाचर ही आपल्याकडे दुसऱ्याच्या कामात मारायची असते, स्वतःच्या नव्हे. शिवाय पाचरीशी खेळ करणाऱ्या माकडाची गोष्ट आपण सगळ्यांनी लहानपणी ऐकलेली असते.

मिस्त्री हे सगळं बघत होता. म्हणाला, "भरूच्या आधी खणूक व्हया, काकानू."

त्याची रीत अशी. जुनं भोक आधी मोठं करायचं, वरचा पापुद्रा आणि आतलं लाकूड यांतून चांगलं अर्धा इंची, पण खालचा पापुद्रा शाबूत ठेवून. मग एक तीन इंची खिळा काटकोनात वाकवायचा, डोकं छाटायचं, ड्रिलमध्ये बसवायचा आणि भोकात उतरवून ड्रिल चालू करायचं. वाकडा खिळा आत गरगर फिरतो आणि चहूबाजूंचं कुजकं लाकूड भुगा करून बाहेर फेकतो. सरळ खिळ्याने जे बिघडवलं ते वाकड्या खिळ्याने निस्तरायचं. पहिल्या भोकातून ओल्या तपकिरीसारखा काळपट चोथा निघाला. त्याला जो वास होता तो शब्दांत पकडणं कठीण. श्रावणातलं बंद कपाट आणि भरती विसरून गेलेलं डबकं यांच्या मधला कुठला तरी. चोथा निघत राहिला. सुपारीएवढं भोक, आणि आतून निघालेला ऐवज वाटीभर. मग उन्हात वाळवणं. आठ दिवस होडी माडाखालून उन्हात ओढून ठेवली. दुपारी ताईच्या कुरडया शेजारी, मध्ये होडी, पलीकडे आमसुलं.

याच काळात मला खाज सुटली. फायबर घासल्यावर जो भुगा उडतो तो भुगा नसतो, त्या काचेच्या कुसळ्या असतात. मिस्त्रीने सांगितलं होतं, तोंडाला फडकं बांधा, लांब बाह्यांचा शर्ट घाला. मे महिन्यात, मालवणात, लांब बाह्या! मी बनियनवर बसलो. संध्याकाळी कोपरापासून खांद्यापर्यंत खाजकुयलीच्या शेंगा चोळल्यागत झालं. गरम पाण्याने आंघोळ केली आणि ती दुपटीने वाढली; गार पाण्याने करायला हवी होती. खाजवून खरूज काढणे हा वाक्प्रचार मी चौथीपासून वाक्यात उपयोग करा म्हणून लिहीत आलो होतो, उपयोग आत्ता झाला. शेवटी ताईने पार्सलची चिकटपट्टी आणली आणि हातावर लावून-लावून उपटली. कुसळ्या निघाल्या. बरोबर इतरही बरंच काही निघालं.

आता भरणं. इथे रेझिनचं शास्त्र आडवं येतं आणि त्यात घरोघरी चुका होतात, म्हणून जरा थांबतो. नवी होडी करताना वापरतात ते पॉलिस्टर रेझिन. शंभर ग्रॅमला एक-दोन ग्रॅम कॅटलिस्ट. ते विरजणासारखं आहे, थेंब कमी पडला तर उशिरा लागतं, जास्त पडला तर लवकर लागतं. (त्यात कोबाल्ट म्हणून जांभळं औषधही पडतं. ते आणि कॅटलिस्ट थेट एकमेकांत ओतायचं नाही, भडका उडतो. मिस्त्री दोन्ही बाटल्या दोन वेगळ्या पिशव्यांतून आणतो. भांडलेल्या जावा लग्नघरात वेगवेगळ्या खोल्यांत उतरवतात, तसं.) पण जुन्या, वाळलेल्या फायबरवर पॉलिस्टर तितकंसं धरत नाही. डागडुजीला एपॉक्सी बरं. आणि एपॉक्सीचं हार्डनर विरजण नव्हे. तो सोयरा आहे. प्रमाण ठरलेलं असतं, दोन्ही बाजूंची माणसं मोजून, आणि एका बाजूची चार जास्त आली तर ती कायमची लोंबकळत राहतात. जास्त घातलं की लवकर वाळतं हा समज इथे लावला तर मिश्रण जन्मभर चिकट राहतं. हे भाऊजींना तीनदा सांगितलं. त्यांनी तीनदा मान डोलावली आणि 'थोडं अंगाबाहेर असलेलं बरं' म्हणून दोन चमचे जास्त घातलं. भोक क्रमांक सात ते बारा अजून हाताला लागतात.

आधी नुसतं एपॉक्सी ब्रशने आतल्या लाकडाला पाजायचं, ते ताकासारखं पातळ हवं. मग त्यात सिलिकाची पांढरी पूड मिसळायची. ही इतकी हलकी की मोठ्याने बोललं तरी डब्यातून उठते. आधी भज्याच्या पिठाइतकं, मग श्रीखंडाइतकं घट्ट झालं की भरायचं. मिस्त्री 'श्रीखंड' म्हणाला म्हणून भाऊजींनी श्रीखंडाचाच अर्धा किलोचा डबा आणला आणि सगळ्या भोकांचं मिश्रण दुपारी एक वाजता एकदम कालवलं. एपॉक्सी जमताना उष्णता सोडतं. पातळ पसरलं तर ती निघून जाते. डब्यात गोळा ठेवला तर साठत जाते, आणि तापलं की ते आणखी भराभर जमतं. पहिली चार भोकं भरून मी मागे वळलो तर डब्यातून धूर निघत होता. डबा एका अंगाला कलला, मग कमरेत मऊ पडला, आणि बघता बघता केशर-वेलची ही अक्षरं सुरकुतून आत गेली. मिस्त्रीने काठीने तो वाळूत ढकलला. संध्याकाळी गार झाल्यावर त्यात चमचा उभा होता. अजून आहे. ताईचा होता, लग्नातला.

दुसऱ्या दिवसापासून थोडं-थोडं, सकाळी सातच्या आत, पसरट ताटलीत. वाळल्यावर वर तुपकट थर येतो, तो आधी पाण्याने धुवायचा आणि मग पॉलिश पेपर मारायचा. भाऊजींनी उलटं केलं. सहा कागद मेणचटून वाया गेले. पण काम पुढे सरकलं. भरलेल्या भोकांपैकी जेमतेम अकरा ठिकाणी आम्हाला खरोखर पुन्हा स्क्रू लागणार होते. तिथे त्या घट्ट गोळ्याच्या मधोमध नवं बारीक भोक पाडलं, म्हणजे पाणी शिरलं तरी एपॉक्सीच लागेल, लाकूड नाही. तोंडाशी जरा खोलगट खरवडलं, नाहीतर स्क्रू वर येताना जेलकोट उचकटतो आणि भोवती कोळ्याच्या जाळ्यासारख्या चिरा पडतात. आठ पायांच्या कोळ्याच्या.

मे संपत आला तसा मिस्त्रीचा फोन वाजायला लागला. १ जूनपासून ३१ जुलैपर्यंत मासेमारी बंद. त्याआधी प्रत्येकाला काहीतरी करून हवं असतं. "बासष्ट झाली. आता ऱ्हवांदे," असं म्हणून तो वेंगुर्ल्याच्या बाजूला कामाला निघून गेला.

बासष्टच झाली होती. बुडाचं मोठं भोक तो गेला तरी तसंच होतं. भाऊजींना ते सलत होतं. "कंटाळला असेल," ते म्हणाले. "हे आपण करू. आणि असं करू की आल्यावर बघत राहील."

केलंही तसंच. कुजकी खुंटी ठोकून काढली. बुडाचं फायबर सहा मिलिमीटर जाड. आरपार भोक बुजवताना कड एकास बारा उताराने घासायची असते, म्हणजे चहूबाजूंनी बहात्तर मिलिमीटर. एक इंची भोक बुजवायला आधी ते पावणेसात इंची करायचं. केलं. सुरेख खोलगट बशी झाली. त्यात मॅटचे गोल तुकडे, लहानापासून मोठ्यापर्यंत, एकावर एक, एपॉक्सीत भिजवून, बुडबुडा राहू न देता. प्रमाण मी मोजलं. भाऊजींचे दोन्ही हात ताईने दुसऱ्या कामात गुंतवले होते. धुतलं, घासलं, लांबी भरली, पुन्हा घासलं, निळा रंग दिला. हात फिरवला तर कळू नये कुठे भोक होतं. त्रेसष्टापैकी हे एक भोक असं झालं की मला आयुष्यात पहिल्यांदा सुताराच्या घरी जन्माला यायला हवं होतं असं वाटलं. होडी माडाखाली दोन ओंडक्यांवर सरळ उभी केली, वर ताडपत्री बांधली, आणि आम्ही पुण्याला आलो.

जूनच्या दुसऱ्या आठवड्यात ताईचा फोन. ताडपत्री पहिल्याच वाऱ्यात उडाली. होडी काठोकाठ भरली आहे. आणि आरोग्यसेविका येऊन डासांच्या अळ्या बघून गेली आहे, कागदावर भाऊजींचं नाव लिहून.

आम्ही रात्रीच्या गाडीने पोचलो. पाऊस थांबला होता. होडी तुडुंब, त्यात माडाची चुडतं तरंगताहेत, आणि काठावर एक बेडूक मालकासारखा बसलेला. बुडाखाली वाकून पाहिलं तर एक थेंब नाही. कुठूनच नाही. बाकी काही म्हणा, काम पक्कं झालं होतं.

मिस्त्री आला. त्याने होडीला एक फेरी मारली, बुडाखाली हात घालून चाचपलं, चाचपलं आणि थांबला. मग माझ्याकडे बघून अगदी हळू आवाजात विचारलं, "काकानू, आता ह्यां पाणी जातलां खयसून?"

होडी किनाऱ्यावर ओढली की आतलं पाणी सोडून द्यायला बुडाला एक भोक ठेवतात आणि समुद्रात न्यायची झाली की त्याला बूच मारतात, ही गोष्ट त्याने सांगितली नव्हती, कारण ती कुणाला सांगावी लागते हे त्याला माहीत नव्हतं. भाऊजी पाटबंधाऱ्यात तेहतीस वर्षं होते. धरणाला दरवाजे का असतात यावर त्यांनी एकदा आकाशवाणीवर भाषण दिलेलं आहे.

भर पाण्याखाली विजेचं ड्रिल चालत नाही. मिस्त्रीने पिशवीतून वडिलांचं गिरमिट काढलं, चिखलात उताणा झोपला आणि आमच्या त्या गुळगुळीत निळ्या कामाच्या बरोबर मध्यावर टोक टेकवून फिरवायला लागला. "काम मात्र एक नंबर झालां हां," खालून आवाज आला. "मोडूक जीव येयना." पाच मिनिटं, दहा मिनिटं. मग मनगटाएवढी धार सुटली आणि वाकून बघणाऱ्या भाऊजींच्या छातीवर बसली. बेडूक निघून गेला.

"ह्याला बूच कसलं बसवायचं?" भाऊजींनी चष्मा पुसत विचारलं.

"पितळेचा येता, कडीसकट," मिस्त्री म्हणाला. "तीन स्क्रू मारूचे लागतले."